तीन महिन्यांची बदली

(जुळे सोलापुरातलं देवयानीचं स्वयंपाकघर, रविवारची सकाळ. घरकाम करणाऱ्या चांगुणाला आठवा महिना लागला आहे. आपल्या जागी येणाऱ्या कन्नडभाषक बाईला ती काम दाखवते आहे.)

चांगुणा : आन् ही कढई तारेच्या घासणीनं घासायची न्हाय. ताईंना चरा पडलेला चालत न्हाय.

ईरम्मा : मला शिकवती व्हय गं? ही कढई माझ्या वेळची हाय, तंगी, धाकटे भैणी. हिचा कान मीच वाकडा केला हुता.

चांगुणा : हळू बोल, अक्का. ताई आल्या.

देवयानी : चांगुणा, बदलीची बाई आणलीस का? कोण आहे? अगं बाई... ईरम्मा!

ईरम्मा : मीच की, ताई. बरं हाय न्हवं?

देवयानी : बरी आहे. तू कशी आहेस? किती वर्षांनी! तीन झाली ना?

ईरम्मा : हौदु, व्हय, तीन झाली. वरदबाबा केवढा झाला?

देवयानी : झोपलाय अजून. बालवाडीत जातो. तुला मुलगी झाली होती ना?

ईरम्मा : गौरी. अंगणवाडीत जाती. तुमच्या बाबापेक्षा अठरा दिवसानं मोठी हाय.

देवयानी : अठरा दिवस! तू बरोब्बर लक्षात ठेवलंस.

ईरम्मा : पोटं संगंच वाढत हुती की आपली. तुमी म्हणायचा, ईरम्मा, तुझं आधी का माझं आधी?

देवयानी : हो गं. म्हणायचे खरी. चांगुणा, मला वाटलं तू तुझ्या जावेला आणशील.

चांगुणा : जावेला? मांजराला दुधावर बसवू का, ताई? तिचा कवाचा डोळा हाय या घरावर. घर बारकं, माणसं तीन, वर कपड्याला मशीन.

देवयानी : काहीतरीच तुझं! असो, ईरम्मा आली ते चांगलंच झालं. ओळखीचा हात आहे. आता तू निवांत माहेरी केमला जा. आईकडे छान राहा, मेथीचे लाडू खा. बाळ चांगलं वर्षाचं होऊ दे. घाई करू नकोस, ईरम्मा आहेच इथे.

चांगुणा : तीन महिने, ताई.

देवयानी : अगं, महिना-दीड महिन्याचं पोर कुठे घेऊन येतेस? ऊन बघतेस ना सोलापूरचं?

चांगुणा : उनाचं मी बगती. तीन महिने झाले की मी माघारी येणार. ह्याच घरात.

देवयानी : ये ना, नको कोण म्हणतंय? आलीस की बघू.

चांगुणा : बगू न्हाय, ताई.

देवयानी : म्हणजे?

चांगुणा : रागावू नगा. पर तुमचं 'बघू' मी एकदा बगितलंय. ईरम्माक्का बाळंतपणाला गेली तवा तिलाबी तुमी 'आलीस की बघू' म्हणला व्हता.

देवयानी : ते वेगळं होतं. माझी स्वतःची डिलिव्हरी तोंडावर आली होती. सासूबाई अकलूजला नणंदेकडे, घरात दुसरं कुणी नाही. मला कुणीतरी हवंच होतं.

चांगुणा : व्हय. म्हणून अक्कानं मला बदलीला लावलं. केमवरनं येऊन मला महिना झाला नव्हता. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मी घरात नुसती बसलेली. अक्का म्हणली, माझं घर तेवढं संभाळ, मी आळंदकडं म्हायेराला जाऊन येती.

ईरम्मा : जाऊ दे, तंगी. जुनं कशाला काढती?

चांगुणा : काढू दे, अक्का. तीन वर्सं माझ्या छातीवर बसलंय ते. ताई, बदलीच्या बाईनं घर धरायचं न्हाय, ही आमच्यातली रीत. दुसरीचा संसार हाय त्यो. मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी तुमी म्हणला, चांगुणा, तुझं काम नीटनेटकं हाय, तूच ऱ्हा आता कायमची. मी दात काढून व्हय म्हणले. त्या दिशी पेढं नेलं व्हतं घरी. आन् आठ दिसांनी अक्का दारात. खांद्यावर एवढीशी पोर. दार उघडलं मी, हातात केरसुणी. तिनं माज्याकडं बगितलं, केरसुणीकडं बगितलं, म्हणली, ताई हायत का?

देवयानी : मला हे कुणी सांगितलंच नाही. तू आली होतीस, ईरम्मा?

ईरम्मा : आले हुते की.

देवयानी : मग मला हाक का नाही मारलीस?

ईरम्मा : चांगुणा आत जाऊन आली. म्हणली, ताई झोपल्यात.

देवयानी : हो... तेव्हा बाळामुळे रात्रभर जागरण व्हायचं. झोपले असेन.

ईरम्मा : असंल की.

देवयानी : म्हणजे आज तुम्ही दोघी मिळून मला जाब विचारायला आलात का?

ईरम्मा : अय्यो, जाब कशाला? जाब विचारायचा असता तर तीन वर्सं थांबले असते काय? मिळाली मला दुसरी घरं. सहा महिने लई हाल झाले, मग मिळाली. हिनं बोलावलं म्हणून आले.

चांगुणा : मी तिच्या घरी गेले, ताई, नीलमनगरला. पाय धरले. म्हणलं, अक्का, तुझं घर मी खाल्लं, आता माझं तूच राख. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुझ्याबिगर कुणावर भरवसा न्हाय.

देवयानी : आणि तू हो म्हणालीस, ईरम्मा?

ईरम्मा : आदी चार शिव्या घातल्या, कन्नडमदी. तिला कळल्या न्हाईत. मग चहा केला.

चांगुणा : कळल्या की. शिव्या कुटल्या बी भाषेत कळत्यात.

देवयानी : बरं, आता माझं ऐक. मी शब्द देते, झालं? शिवाय जायच्या आधी मला तुझी ओटी भरायची आहे. इरकल आणून ठेवलीय, मोरपंखी.

चांगुणा : साडी द्या की, न्हाय म्हणत न्हाय. लई दिसांची हौस हाय मला इरकलीची. पर ताई, ती नेसून मी दारोदार काम मागत फिरू का?

देवयानी : अगं, काय बोलतेस!

चांगुणा : एक इचारू? तुमी वरदच्या वेळंला किती दीस घरी व्हता?

देवयानी : सहा महिने. शाळेची रजा असते ना बाळंतपणाची. कायदाच आहे तसा.

चांगुणा : मंग साळंत तुमच्या जागी कोण व्हतं?

देवयानी : बुद्धप्रिया मॅडम. रजेपुरत्या आल्या होत्या.

चांगुणा : नीट शिकवायच्या का?

देवयानी : उत्तम. मुलं अजून आठवण काढतात त्यांची. खरं सांगू, माझ्यापेक्षा छान फळा लिहायच्या.

चांगुणा : मंग साळंनं त्यांनाच का ठिवलं न्हाय?

देवयानी : असं कसं ठेवतील? जागा माझी होती.

चांगुणा : त्या तुमच्यापेक्षा छान लिवायच्या तरी?

देवयानी : तरीही. त्यांच्या ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मी हजर झाले, त्या गेल्या. त्यात छान-वाईटाचा प्रश्नच...

ईरम्मा : आमच्यात तसं न्हाय, ताई. आमच्यात बदलीनं भांडी चकाचक घासली की पयलीचं घर गेलं.

देवयानी : तू बस आधी त्या स्टुलावर. मघापासून उभी आहेस.

चांगुणा : बसते. पर मला तुमच्या साळंसारखं लिवून द्या.

देवयानी : घरकामाला असली ऑर्डर कोण देतं गं? तुमच्या कामाला शाळेसारखा रजेचा कायदा नाही.

चांगुणा : साळंत सरकारचं चालतं. हितं तर तुमचंच चालतंय की, ताई! ह्या चार भिंतीत तुमी म्हणाल त्यो कायदा.

देवयानी : वकिलीणबाई झालीस की तू. आणि पगाराचं काय? दोघींना द्यायचा?

चांगुणा : माझं ऱ्हाऊ द्या. अक्काला तिच्या कामाचा द्या. मला निस्तं घर माघारी पायजे.

ईरम्मा : राहू द्या कशाला? माग की! ताई, तुमाला रजेत पगार मिळत हुता का न्हाय?

देवयानी : मिळत होता.

ईरम्मा : सगळा?

देवयानी : सगळा.

ईरम्मा : बगा. पोट तर सारखंच हुतं.

देवयानी : ईरम्मा, सगळा नाही जमणार. खोटं आश्वासन नको, खरं सांगते. आमच्या घराचा हप्ता आहे. अर्धा देईन तिन्ही महिने. नवऱ्याला मी समजावते.

चांगुणा : अर्धा? बसून? ताई, माझी आई म्हणंल, पोरगी कलेक्टर झाली.

देवयानी : हसू नकोस एवढं, कळ येईल. ईरम्मा, तो वरदच्या चित्रांचा कागद दे. मागची बाजू कोरी आहे. पेन फ्रीजवर.

ईरम्मा : हे घ्या. ह्याच्यावर हत्ती काढलाय बाबानं.

देवयानी : असू दे हत्ती. ऐका हं, लिहिते. 'चांगुणा दीपक सरवदे या आमच्याकडे तीन वर्षांपासून कामाला आहेत. येत्या गुरुवारपासून तीन महिने त्यांची बाळंतपणाची रजा, अर्ध्या पगारी. या काळात ईरम्मा या त्यांच्या बदलीवर काम करतील. रजा संपल्यावर चांगुणा परत कामावर येतील.'

चांगुणा : त्ये शेवटचं परत वाचा.

देवयानी : 'रजा संपल्यावर चांगुणा परत कामावर येतील.'

चांगुणा : 'येतील' म्हणलंय. मान देऊन.

देवयानी : ऑर्डरमध्ये तसंच लिहितात. ही माझी सही. आज तारीख... झालं.

ईरम्मा : माझं बी लिवा. ईरम्मा घर धरणार न्हाय.

देवयानी : त्याची गरज आहे का?

ईरम्मा : हाय. मी बी माणूसच हाय, ताई. तीन महिन्यांनी तुमी म्हणाल, ईरम्मा, तुझ्या हातची भाकरी लई मऊ. मग माझं बी मन फिरंल. माझ्या घरातबी खाणारी तोंडं हायत. लिवा. मी सही करते. मराठीत येत न्हाय, कन्नडमदी चालंल का?

देवयानी : चालेल की. हे लिहिलं बघ, इथे कर. किती सुंदर अक्षर आहे गं तुझं! तीन वर्षांपूर्वी मला माहीतच नव्हतं तुला लिहिता येतं म्हणून.

ईरम्मा : सातवी शिकले मी. तवा तुमी कुटं काय लिवायला दिलं?

चांगुणा : द्या त्यो कागद. पदरात बांदते. घामानं भिजंल का?

देवयानी : थांब, प्लॅस्टिकची पिशवी देते. दूध गरम केलंय, ते घे आधी.

चांगुणा : मागनं घेते. गच्चीवरची चादर काढून आणते. हळूच जाते, ताई, डोळं नगा वटारू. धा पायऱ्या हायत. अक्का, तू कणीक मळायला घे, ताई पोळ्या लाटतील.

ईरम्मा : बगा कशी हुकूम सोडती! कागद मिळाला की मुकादमीण झाली. जा, कठड्याला धरून जा!

देवयानी : गेली का वर?

ईरम्मा : गेली.

देवयानी : ईरम्मा.

ईरम्मा : आं? पाणी कोमट घेऊ का कणकेला?

देवयानी : त्या दिवशी मी झोपले नव्हते. चांगुणाला मीच तसं सांगायला लावलं.

ईरम्मा : ठाऊक हाय की, ताई.

देवयानी : ठाऊक आहे? आणि मघाशी तू...

ईरम्मा : बाबा रडत हुता, तुमी त्याला अंगाई म्हणत हुता. दारापत्तुर आवाज येत हुता. लई गोड म्हणत हुता. माझी गौरी बी झोपली बगा, माझ्या खांद्यावर.