पंधरा जानेवारीनंतरचा उंट

— वाचून नको दाखवूस, नियम मला पाठ आहे. पंधरा जानेवारीच्या आत नाताळचे दिवे उतरवायचे, अंगणातली सजावट आत घ्यायची. आज वीस फेब्रुवारी, माहितंय मला. नगरपालिकेनं तुलाच धाडलं होय — ड्वेनची पोरगी ना तू? मग समोरच राहतेस, बघतेस की रोज. निघत नाहीत ते येशूजन्माच्या देखाव्यातले पुतळे. तो उंट ओढून बघ. कान हातात येईल, उंट नाही यायचा. पाणी भरलंय मी आत. वाळू भरतात, हो, आता कळलं. प्लास्टिकचे पोकळ पुतळे, वाऱ्यानं उडतात, म्हणून बुडाशी वजन लागतं. चाळीस वर्षं आर्लीनच भरायची, आमची ही. मी आपला आतून ओरडायचो, जेवण निवतंय म्हणून. यंदा तिला उठवेना. म्हणाली, व्हर्नन, तू मांड. मांडले. वाळू कुठं ठेवते ते विचारलं नाही — बादलीनं पाणी ओतलं. ओहायोत, डिसेंबरात — रातोरात बर्फाचा दगड झाला. हस, हस. योसेफ उभा चिरला, मेरी जमिनीला चिकटली.

आणि हा नियम कुणी आणला, बापाला विचार. तुमचा तो हवा भरायचा सांता मार्चपर्यंत हिरवळीवर दारुड्यासारखा लोळत असायचा. सभेत तक्रार केली ती मीच, आणि पहिला हात वर झाला तोही माझाच. आर्लीन चार दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणे, त्यांचा सांता तुला चावतो का?

काय? गरम पाणी? — हं. किटली आहे घरात. ओतलं की सुटतील, अर्ध्या तासाचं काम, तेवढं मलाही कळतं.

आत काय बघतेस? खाट आहे ती, दवाखान्यातली, खिडकीशी लावलीय. मान वळत नाही तिची, तिथून तिला उंट तेवढा दिसतो. डोळे उघडले की विचारते, उंटातला दिवा लागलाय? लागलाय म्हणतो. दिवसाही चालू ठेवतो, उन्हात कळत नाही तरी. मग म्हणते, म्हणजे नाताळ अजून आहे. हो म्हणतो. नोव्हेंबरात बोलली होती ती — नाताळ तेवढा होऊ दे, मग जाते मी. सरळ बोलली, बटाटे सोलावेत तसं. तर मी नाताळ होऊच देत नाहीये. झालं. दुसरं काही नाही.

तुला कशाला सांगतोय मी. दे तो कागद. सही कुठं, इथं? चष्मा नाही माझा — मुदत किती लिहिलीय, तूच सांग.

दहा दिवस.

सकाळी नर्स येऊन गेली. ती चार म्हणाली.

पुरतील तुमचे दहा. बापाला सांग, उंट काढायला ये म्हणावं, मला एकट्याला उचलायचा नाही. जा आता. दार ओढून घे, तिच्या पायांना वारा लागतोय.