काळ्या डब्याची पूजा

…आणि वर आई विचारते, मान खाली घालून का चालतोस रे! मग काय वर करून चालू? अख्ख्या अण्णा नगरात ज्याला-त्याला माझा चेहरा माहीत झालाय, आणि तोही आठ वर्षांचा, टकलू! तुम्हाला सांगतो, माझी चूक एकच. तोंड आहे ना मला.

आमच्या वरच्या मजल्यावर व्यासराज राहतो. तंजावरचे मराठी लोक, तीनशे वर्षं झाली म्हणे इकडे तमिळ मुलखात येऊन, आणि आम्ही साताऱ्याहून तीन वर्षांपूर्वी, बाबांची बदली एग्मोरला रेल्वेत झाली म्हणून. तर या व्यासराजच्या मामानं सिंगापूरहून त्याला गेमचा डबा आणला. पांढरा. हातातली दांडी हवेत फिरवायची, की टीव्हीत बॉल फेकला जातो. झालं! कॉलनीतली पोरं जी सगळी माझ्याभोवती असायची, कारण खोड्या काढाव्यात तर मीच, ती एकाच संध्याकाळी वरच्या मजल्यावर. माझा नंबर यायचा शेवटी, आणि तेवढ्यात व्यासराजची आजी, अन्नपूर्णाबाई, देवाला दिवा लावून यायच्या आणि म्हणायच्या, सरका, आता मी. नऊवारी खोचून बोलिंग! आणि सगळ्या बाटल्या आडव्या!

मग मी काय करावं? गप्प बसावं. पण तोंड आहे ना मला!

म्हटलं, हे खेळणं आहे रे, याला हार्डवेअर म्हणतात का? आमच्याकडे काळा डबा आहे. आतला प्रोसेसर याला उभा चिरेल. पोरं म्हणाली, खरंच? म्हटलं, मग! आणि तुझ्या डब्याला बाहेरची एक तरी कंपनी धड गेम देते का? कंपनीनं स्वतःच बनवायचे, स्वतःच विकायचे. आमच्यासाठी बाहेरच्या कंपन्या रांगेत उभ्या आहेत रांगेत! हे सगळं मी कुठून शिकलो? सायबर कॅफेत. तिथे जगभरची माणसं रात्रंदिवस एकमेकांच्या डब्याला शिव्या देत बसतात, मी नुसतं पाठ केलं. गणिताचं एक सूत्र पाठ नाही, नववीत दुसऱ्यांदा बसलोय, पण काळ्या डब्याची मेमरी झोपेत विचारा!

डबा कुठाय? म्हणे डबा कुठाय. आमच्याकडे डबा कुठला, इस्त्री धड नाही! पण रोज काहीतरी सबब. आज आमचे काका खेळतायत, उद्या माझी परीक्षा आहे. आणि पोरं फुटली ना हळूहळू! पांढऱ्या डब्याला हसायला लागली. वर जायची बंद झाली. व्यासराज एकटाच खेळायचा, आणि त्याची आजी. मग एक दिवस त्याचे वडील, बालाजीराव काका, जिन्यात भेटले. म्हणाले, हा पोरगा रडतो की रे, डबा बदलून दे म्हणतो, रिची स्ट्रीटच्या बाजारात ओळखीचा दुकानदार आहे, तो पांढरा घेऊन काळा देतो. पण तुझा एकदा चालताना बघतों, मग बदलतों.

अन्नपूर्णाबाई मागेच उभ्या होत्या, पिशवी घेऊन, म्हणजे त्यांचं बोलिंग माझ्या थापेपायी जाणार. तेव्हाच सांगायचं ना? नाही सांगितलं. म्हटलं, दाखवतो की!

आणि आली नवरात्र. त्यांच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलू म्हणतात, आणि नवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला, म्हणजे पुस्तकं, शिलाई मशीन, कात्री, पांढरा डबासुद्धा. अन्नपूर्णाबाई लाडानं म्हणाल्या, "कण्णा, तुझा पण आण. दोघांची एकदम पूजा करूं." मी विचारलं, मग हात नाही लावायचा ना कुणी? "छे, पूजेतल्याला हात लावतात होय?" मी खूश! आमचा जुना व्हीसीडी प्लेअर कपाटावर पडून होता. काळाच. पुढे कंपनीचं नाव लिहिलेलं, तिथे थापलं बोटभर गंध, वर कुंकू, वर झेंडू. कोण खरवडणार आहे देवाचं गंध?

आता मला सांगा, साताऱ्याच्या माणसाला काय माहीत, की यांच्याकडे दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, प्रत्येक हत्यार थोडं तरी चालवावंच लागतं? पुस्तकाचं एक पान वाचायचं, मशीनवर चार टाके घालायचे… आणि डबे?

पांढरा आधी. अन्नपूर्णाबाईंनी दांडी घेतली, डोळे मिटले, फेकला बॉल. शेवटचाच असल्यासारखा. मग काका माझ्या डब्याकडे वळले. मी म्हटलं, वायर घरी राहिली. काका म्हणाले, लाल-पांढरी-पिवळीच ना, आहे की आमच्याकडे. कॉलनीतली सगळी पोरं बसलेली. शिवाय कीर्तना, व्यासराजची बहीण, माझ्याच वर्गात. काकांनी बटण दाबलं.

सनई वाजली.

आत सीडी राहिली होती हो! गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, बदामाच्या आकाराची चौकट आली, आणि त्या चौकटीत मी. माझी मुंज! लंगोटी, गोटा, आणि आईच्या मांडीवर भोकाड पसरलंय, कारण न्हाव्यानं केस परत द्यायला नकार दिला.

कोणी हसलं नाही, तुम्हाला सांगतो. हसायला हवं होतं. व्यासराजनं टीव्हीकडून मान वळवली आणि हळूच विचारलं, "डेय हेरंब, मग माझ्या डब्याला नावं कां ठेवलीस रे?"

काय सांगू? की तुझ्याकडे होता म्हणून? तोंड आहे ना मला, एवढं मोठं! ते नुसतं वाकडं व्हायला लागलं. अन्नपूर्णाबाईंनी दांडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "खेळ आधी. मग रड." खेळलो. डोळ्यांतल्या पाण्यानं दिसेना, बॉल गेला बाजूनं. तेव्हा मात्र सगळे हसले.

पांढरा डबा राहिला, बदलला नाही. पोरंही परत वर जायला लागली. पण अन्नपूर्णाबाईंना आमचाही आवडला, म्हणाल्या, राहूं दे दिवाळीपर्यंत. आता कुणीही बाई आली, की हळदी-कुंकू, सुंडलच्या हरभऱ्यांचा द्रोण, आणि माझी मुंज. बाया रडतात, हसतात, पुन्हा लाव म्हणतात. मी आईला म्हटलं, परत आण तो डबा, पाया पडतो. आई गेली खरी वर. आणि तुम्हाला सांगतो, कौतुकानं दुसरी सीडी देऊन आली. त्यात मला आंघोळ घालतात.