मापात खणलेली कबर

मोर्व्हिद : भावजी, हे काय करून बसलात तुम्ही?

मादोग : हळू वहिनी! चर्चच्या या दगडी भिंतींत कुजबुजही घुमते. काय झालं? मरियामायची मूर्ती गेली खाली, माती दाबली, आता वर लव्हाळं पसरतोय.

मोर्व्हिद : लांबी बघा की जरा!

मादोग : बरोबर आहे लांबी. दोरीनं मापून खणलंय. मूर्ती चार फूट, वर वीतभर.

मोर्व्हिद : तेच म्हणतेय मी! ही म्हाताऱ्या देइओची कबर म्हणून सांगायचं ठरलं होतं ना? देइओ या दारातून वाकून आत यायचा. तो मावेल का यात? तुमची सुतारकी इथंसुद्धा आड आली.

मादोग : अरे देवा... लाकूड बघितलं की हात आपोआप मापावर जातो हो.

मोर्व्हिद : वाढवा मग. घ्या कुदळ.

मादोग : कुठली कुदळ आणि कसलं काय! तिकडे फाटकाशी राजाची माणसं घोडे बांधतायत. ऐका माझं, तिला वर काढतो आणि मागच्या मागे पेटवून देतो. चर्चमधल्या मूर्ती जाळायचं राजाचं फर्मान आहे, वहिनी. चर्चचा कारभारी मी. तिन्ही मूर्ती जाळल्या असं मी शपथेवर सांगून बसलोय. पलीकडच्या खोऱ्यातल्या कारभाऱ्याला बेड्या घालून नेलं, तो अजून परतला नाही. नुसतं एक मेणबत्तीदान लपवलं होतं त्यानं!

मोर्व्हिद : क्रूसावरचा देव जाळलात, मी गप्प बसले. संत योहान जाळलात, तेव्हाही गप्प बसले. हिला हात लावू देणार नाही. माझ्या नेस्टाच्या बाळंतपणात तीन दिवस अडले होते मी. तुमचे दादा बाहेर रडत होते. हिच्या कमरेची फीत आणून माझ्या पोटाला बांधली, तेव्हा सुटले.

मादोग : मग हा खड्डा कुणाचा म्हणून सांगू? एवढ्या मापात मूलच मावेल. नेस्टाएवढं.

मोर्व्हिद : मनातसुद्धा आणू नका!

मादोग : नुसतं म्हणायचं, वहिनी. ती तर वर कुरणावर आजीकडे आहे, गावात कुणाच्या नजरेसही पडायची नाही.

मोर्व्हिद : जित्या लेकराला मेली म्हणू? जीभ झडेल माझी. असलं बोललेलं लागतं, भावजी. नवरा गेला, आता तीच एक उरलीय मला.

मादोग : आले. पायऱ्या वाजल्या. मला घाम फुटलाय, बघा.

[कारकून आत येतो. दार उघडंच राहतं.]

कारकून : कारभारी कोण? तू? साहेब बाहेर घोड्यापाशी थांबलेत. त्यांना आपली भाषा येत नाही, तेव्हा मी विचारतो ते नीट सांग. मूर्तींचा हा लाकडी सज्जा अजून उभा?

मादोग : सज्जा राहू द्या असं... म्हणजे, मूर्ती फक्त काढायच्या होत्या ना? वरच्या तुळईत बघा, तीन खाचा रिकाम्या आहेत.

कारकून : द्राक्षवेल कुणी कोरलाय?

मादोग : आमच्या आज्यानं.

कारकून : सुरेख आहे. हे साहेबांसमोर बोलू नकोस. मूर्ती जाळल्या?

मादोग : जाळल्या.

कारकून : तिन्ही?

मादोग : तिन्ही.

कारकून : भिंतीवर तराजूवाला देवदूत होता म्हणे.

मादोग : चुना मारला.

कारकून : पंख दिसतायत अजून.

मादोग : एक हात अजून मारतो. उद्याच मारतो.

कारकून : आणि हे काय? लव्हाळं एवढ्याच जागी हिरवंगार, बाकी सगळं वाळलेलं. खाली माती ओली लागतेय पायाला. काय पुरलंस?

मादोग : ते... तिथं, ते...

कारकून : बोल ना! दातखीळ बसली का? बरं, फावडं आण. बघूच.

मोर्व्हिद : नका हो! माझी मुलगी आहे तिथं.

कारकून : तुझी? कधी गेली?

मोर्व्हिद : सोमवारी.

कारकून : बाई, असं सांगणारे मला पुष्कळ भेटतात. मागच्या गावात एका कबरीतून घंटा निघाली. फावडं आण रे.

मोर्व्हिद : आणा, भावजी. पण आधी यांना सांगा कशानं गेली ते. सकाळी अंगणात खेळत होती. दुपारी थंडी भरली, मग घाम सुटला. अंथरूण पिळून काढलं मी. दिवस मावळायच्या आत गेली.

कारकून : घाम? श्रूजबरीत घामाची साथ आलीय, तीच?

मोर्व्हिद : मी काय वैद्य आहे? तुम्ही उकरा आणि बघा.

कारकून : अगं मग आधी सांगायला काय झालं होतं! मला त्या मातीवर उभं केलंस! लांब राहा, लांब. फावडं राहू दे. वय काय?

मोर्व्हिद : सहा.

कारकून : नाव? साहेबांना कागदावर नाव लागतं.

मादोग : तिचं नाव ने...

मोर्व्हिद : मोर्व्हिद. मोर्व्हिद नाव तिचं.

कारकून : मोर्व्हिद, वय सहा. देव तिच्या आत्म्याला... छे, मेलेल्यांसाठी तेही आता म्हणायचं नाही. येतो मी.

मादोग : गेले... वहिनी, फाटक लागलं. घोडे वळले! सुटलो आपण! बसा खाली. पण तुमचं स्वतःचंच नाव कसं दिलंत?

मोर्व्हिद : लेकीचं तोंडातून निघेना. भावजी, एक करा. नेस्टाला पंधरा दिवस कुरणावरून खाली आणू नका.

मादोग : कशाला? हे लोक आज रात्रीच पुढच्या गावी जातील.

मोर्व्हिद : त्यांच्यासाठी नाही. बोललेलं लागतं, भावजी. एवढ्यात मला काही झालं, तर ते तिनं बघायला नको.