बाहेर थांबणारी

इंगोलश्टाटहून म्युनिकला निघालेल्या गाडीत मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं, तशा शुभदाबाईंच्या विणकामाच्या सुया थांबल्या. मागे कोणी नवराबायको बसली होती.

"कौमुदी, यंदा घळीत दोरानं उतरायच्या त्या कॅनियनिंगला तू नको येऊस. ग्रुपचं ठरलंय."

"ग्रुपचं, की तुझं, हरीश?"

"सगळ्यांचं. गेल्या वर्षी तू हेलिकॉप्टर बोलावलंस."

"पाचपर्यंत आमचा फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव, असं तूच कागदावर लिहून दिलं होतंस."

"अगं, पण आम्ही तीनलाच घळीतून बाहेर पडलो होतो ना!"

"आणि खालच्या गावात बिअर प्यायला बसलात. मी वर गाडीपाशी घड्याळ बघत उभी."

"राहतो अगं एखादा फोन. जरा धीर धरायचा."

"धबधब्याखाली दोरात अडकलेला माणूस किती धीर धरतो रे?"

"झालं सुरू! लोक अजून हसतात मला."

"मग यंदा बाहेर कोण थांबणार?"

"कोणीच नाही. बाहेर माणूस ठेवला की असेच घोळ होतात."

मागे पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज आला, मग हरीशच पुन्हा बोलला.

"शुक्रवारी मसालेभात मात्र करून दे हं. तुझ्याच हातचा हवाय सगळ्यांना."

"किती जणांचा?"

"बारा जणांचा."

"जातानाचे बारा, की येतानाचे?"

"हे बघ, असं अभद्र बोलतेस ना, म्हणूनच तू नकोस."