जाड पानाचा धूर

—अगं, ते रुंद पान नको ओवूस दोऱ्यात, ते उन्हाचं नव्हे. ठेव इकडे. बघ मेली माझी अक्कल, संध्याकाळी आमच्या धाकट्याला लग्नाचं हो की नाही सांगायचंय तुला, आणि मी बसलेय तंबाखू शिकवत! पण तूच म्हणालीस ना, ताई, आधी घर बघते, मग सांगते — तर आमचं घर म्हणजे हेच. परसात लावायची आणि घरात वाळवायची. ही बारीक पानं ओवून उन्हात टांगायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. लाडकं बाळ नुसतं! रुंद पान उन्हात नेलंस तर हिरवंच वाळतं, मग ओढणाऱ्याचा घसा सोलून निघतो. त्याला सावली. वर माळ्यावर देठाला बांधायचं, वारा खेळता ठेवायचा आणि विसरून जायचं. विसरणं सगळ्यांना जमत नाही बाई. मला जमतं. — धाकट्याला? छे! मागच्या वर्षी भाजीत कमी पडलेलं मीठ तो आज काढेल. पण हाताला गुण आहे हो त्याच्या, डोळे मिटून पान चुरगाळतो आणि सांगतो, अजून ओल आहे. तुझ्याशी बोलला का काही? — नुसता बघत बसला? हं. बघतो तो.

चल, ही मागची खोली. आत नको जाऊस, उंबऱ्यातूनच बघ. जाड पानाला ऊन नको, सावली नको, त्याला धूर लागतो. खाली ओल्या लाकडांचा विस्तव, वर काठ्यांवर पानं, आणि दार बंद. धूर धरला की मग कोणी का येईना, दार उघडायचं नाही — वारा शिरला की जाळ उठतो आणि वर्षाची मेहनत करपते. म्हणून कडी बाहेरून. आतून कशाला हवी, आत कोण असणार? — दार नवं दिसतंय ना? भिंती काजळीनं काळ्याकुट्ट आणि दार तेवढं गोरंपान, दिसतंच ते. जुनं बदललं. खराब झालं होतं. आतल्या बाजूनं.

त्याच्या पहिल्या बायकोचं कळलंय ना तुला? मग झालं. अपघात तो. सकाळी दोघांचं वाजलं होतं — कोणाच्या घरी वाजत नाही? — ती विस्तव सारखा करायला आत गेली, ह्याला वाटलं माहेरी गेली, ह्यानं कडी घातली. एवढंच. मी मावशीकडे होते. आले तेव्हा हा दाराशी स्टुलावर बसलेला, तळहात दाराला टेकवून. आतली ऊब तो असाच बघतो. म्हटलं, अरे, ती कुठंय? तर म्हणाला, गेली माहेरी, राग उतरला की येईल. आणि म्हणाला, जरा बघून, ताई, पायाशी तिच्या चपला आहेत, अडखळशील. आत माती गेली की पानाला बुरशी धरते ना, म्हणून आम्ही चपला बाहेरच काढतो, सगळेच —

— हो. माहेरी अनवाणी कोण जातं. मलाही तसंच वाटलं गं, त्याला ढकलून कडी मीच काढली, पण तोवर — लोकांना सांगितलं तेच खरं, त्याला ठाऊक नव्हतं. कसं असेल ठाऊक? आतून आवाज आला असेल, तर त्याला वाटलं असेल, पानं तडतडताहेत.

धुरात पानं तडतडत नाहीत गं. मऊ पडतात.

असं बघू नकोस माझ्याकडे. माझ्या पाठचा आहे तो. लहानपणी माझ्याच हातानं जेवायचा. आजही ताट मीच वाढते, उद्याही वाढीन, मला कुठं जायचंय? तुझं तसं नाही. — नाही, बोलू नकोस. तुझ्या मनात हो आहे, ते तू आलीस तेव्हाच कळलं मला, किती बरं वाटलं होतं! — सुतळी आणायला गेलाय, येईलच इतक्यात. पुढच्या रस्त्यानं नको. ह्या पडवीतून खाली उतर, विहिरीमागून कुंपणाला वाट आहे, तिथून पलीकडच्या गल्लीत निघशील. विचारलंन तर मी सांगते ना — उग्र वासानं तिचं डोकं उठलं, हे घर आपल्याला झेपायचं नाही म्हणाली. माझ्यावर चिडेल, चिडू दे. — ओढणी राहू दे आत, पाठवीन कोणाबरोबर तरी. निरोप-बिरोप काही नको घेऊस. फाटक वाजलं बघ. जा.