कोरड्या हाताने

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "केस किती पिंजारलेत गं. आलीस की तेल चोळून देते." मी म्हणाले, "नको, पिंपल्स येतात."

परवा इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या स्किन क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी मराठी मायलेकी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मुलीचं कपाळ पुटकुळ्यांनी भरलं होतं.

"आई, तेल फक्त टोकांना लाव. टाळूला नको."

"म्हणजे मुळं कोरडी आणि पानांना पाणी?"

"तू मुळांना घालतेस, पीक कपाळावर येतं."

"आणि केसांचा झाडू झालाय, त्याचं काय?"

"इथली हवाच दमट आहे, लाह," मुलीने सिंगापुरी शेपूट जोडलं. "सगळ्यांचाच होतो."

"त्या समोरच्या बाईंचा कुठे झालाय?"

"त्यांनी टोपी घातलीय, आई."

"बरं. डॉक्टरांनाच विचारू."

"ते तेल अजिबात नको म्हणाले तर?"

"तर कोरड्या हाताने चोळीन. हाताने कुठे पिंपल्स येतात?"

"ओके. पण रोज हं."

मग मुलीच्या आईने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुमचेही असेच आहेत हो. तेल कोण लावून देतं?"

"आई द्यायची," मी म्हणाले. "मला फार आवडायचं."