अनुपमा आज अनुपस्थित आहे

...नाही, पण एखाद्या माणसाने हे सांगितलं असतं ना, तर मी त्याच्याशी वाद घातला असता हो! वाद घालण्यातच माझी बत्तीस वर्षं गेली, खामगावच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो मी. पण फोनशी काय वाद घालणार? तो एकदा टिंग करतो आणि गप्प बसतो. रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. टिंग! ‘प्रिय पालक, आपली पाल्य अनुपमा आज शाळेत अनुपस्थित आहे. कृपया पाल्यास नियमित शाळेत पाठवावे.’

आणि तुम्हाला सांगतो, पाठवलेलं असायचं! नुसतं पाठवलेलं नाही, मी स्वतः हाताला धरून सोडलेलं असायचं. साडेदहाला. गेटापर्यंत. अनुपमा म्हणजे माझी नात, तिसरीत आहे, उजव्या हातात तिचा हात, डाव्या हातात तिची पाण्याची बाटली, वाटेत ती शेळ्यांशी बोलते, मी चिखल चुकवतो, गेट येतं, ती हात सोडवून पळते, मी परत येतो, चपला काढतो, चष्मा पुसतो, आणि टिंग! अनुपमा आज अनुपस्थित आहे.

पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सरकारी काम आहे, चालायचंच. चौथ्या दिवशी मात्र... आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर ऐका. माझ्या पीएच.डी.चा विषय होता ‘प्रत्यक्ष प्रमाण’. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवावा का? चारशे बारा पानं लिहिली मी त्याच्यावर! आणि शेवटी निष्कर्ष काय काढला? की सांगता येत नाही. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. आता कळतंय की असले निष्कर्ष काढताना माणसाने पुढचा विचार करावा.

कारण प्रश्न सोपा होता. फोन खरा असेल, तर मी रोज कोणाचा हात धरून नेत होतो?

आणि फोन खोटा असेल असं छातीठोकपणे म्हणायला माझी छाती जाग्यावर हवी ना! गेल्या वर्षी मी गॅस सुरू ठेवून पोस्टात गेलो. दसऱ्याला एका जुन्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या नावाने आशीर्वाद दिला. हे सगळं पुण्याला ज्ञानेश्वरला, म्हणजे माझ्या मुलाला, कळलं. नवराबायको दोघंही आयटीत, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून अनुपमा दोन वर्षांपासून माझ्याकडे, वरवट बकालपासून चार किलोमीटर आत, या खेड्यात. त्याने मला फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, “बाबा, तुम्हाला झेपत नसेल तर सांगा. तिला इकडे पाळणाघरात टाकू. अजून एक जरी गोष्ट अशी झाली ना, तर मी घेऊनच जाईन तिला.”

अजून एक गोष्ट! आणि इथे रोज एक गोष्ट अकरा दहाला येतेय! तिच्याशिवाय या घरात कोण आहे हो? मी आणि माझी चारशे बारा पानं!

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. तळहातावर पेनाने लिहायचो, ‘सोडले’. परत येऊन हात पाहायचो, अक्षर माझंच, पण मनात यायचं, हे मी आज लिहिलं की कालचं पुसलं गेलं नाही? मग रोज हात घासून धुवायला लागलो. मग फोटो काढला. गेटासमोर उभा राहिलो, म्हटलं, अनू, इकडे बघ, बटण दाबलं, घरी येऊन चष्मा लावून बघतो तर काय... फोटोत गेट आहे. शेवग्याचं झाड आहे. एक शेळी आहे, ती तर चक्क कॅमेऱ्याकडे बघतेय. अनुपमा नाही! म्हणजे ती आत पळाली असणार, माझं बोट उशिरा पडलं असणार, हे मला कळतं हो. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. शेळी उपस्थित आणि अनुपमा? अनुपस्थित! टिंग!

शेवटी माणिकरावांना सांगितलं. आमचे शेजारी, जन्म सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेला, म्हटलं शास्त्राला धरून बोलतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली, खुर्ची जवळ ओढली.

“सर, एक सांगू का? राग मानसान.”

“नाही मानत.”

“थे पोरगी घरी येते ना?”

“येते.”

“जेवते?”

“दोन पोळ्या. वांग्याची भाजी असली तर दीड.”

“मंग सर...” आणि त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं, “पाय पाह्यले का तिचे?”

मी म्हटलं, माणिकराव, मी तर्कशास्त्राचा माणूस आहे, या असल्या अंधश्रद्धा... तर ते म्हणाले, “मी कुठं काई म्हणून राह्यलो? मी इतकंच म्हणतो का पाह्याले काई पैसे पडत नाईत.”

आणि तुम्हाला सांगतो, लाज वाटते सांगायला, मी पाहिले. बत्तीस वर्षं पोरांना अनुमान शिकवलेला माणूस, संध्याकाळी पोरगी जेवायला बसल्यावर चमचा खाली पाडून टेबलाखाली वाकला आणि आठ वर्षांच्या नातीचे पाय पाहत बसला! सरळ होते. डावीकडचा मोजा फाटलेला होता. अंगठा बाहेर.

“आबा, माह्या पायाकडे काऊन पाहून राह्यले?”

“काही नाही. अनू... तू आज शाळेत गेली होतीस?”

“आबा! तुमीच त सोडलं!”

“मग शाळेतून मेसेज का येतो, तू नव्हतीस म्हणून?”

आता खरं म्हणजे इथे मला कळायला हवं होतं. कारण पोरगी गप्प झाली. पोळीचे बारीक तुकडे करत बसली, आणि मग म्हणाली, “फोनाचं काय, फोन कायबी म्हणते.” मी मात्र काय पाहिलं? मी पाहिलं की तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, तिला माझी दया येतेय. तिला कळलंय, आबा कामातून गेले.

पंधराव्या दिवशी मेसेजने जरा रंग बदलला. ‘आपली पाल्य अनुपमा सलग पंधरा दिवस अनुपस्थित आहे. पालकांनी तातडीने शाळेत भेटावे.’ आणि हा मेसेज दोन नंबरांवर जातो, हे मला कुठे माहीत! दुपारी ज्ञानेश्वरचा फोन. या वेळी आवाज गोड नव्हता.

“बाबा, अनू पंधरा दिवस शाळेत नाही?”

“अरे मी रोज सोडतो तिला.”

पलीकडे त्याने कोणाला तरी रजेचं विचारलं. असला आवाज लोक दवाखान्याच्या बाहेर काढतात.

“बाबा... मी शनिवारी येतो.”

झालं! दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिला सोडलं, गेटातून आत जाताना पाहिलं, आणि या वेळी परत न फिरता भिंतीकडेने खिडकीशी जाऊन उभा राहिलो. धम्मशीला मॅडम दिवाळीनंतर बदलून आलेल्या, बिचाऱ्या एकट्या तिसरी आणि चौथी सांभाळतात, मुख्याध्यापक कायम तालुक्याला बैठकीत. एका हातात हजेरी, दुसऱ्या हातात फोन, मान खाली, नंबर पुकारतायत. एकोणीस. हजर मॅडम. वीस. हजर मॅडम. एकवीस म्हणजे माझी अनुपमा. तिसऱ्या ओळीत बसलेली, मला तिची वेणी दिसतेय, रिबीन मी बांधलेली!

“एकवीस!”

कोणी बोलेना. माझी अनू समोर भिंतीकडे पाहत बसलेली, जणू एकवीस हा आकडा तिने कधी ऐकलाच नाही. मॅडमनी रेघ मारली.

“बावीस!”

“हजर मॅडम!” आवाज माझ्या अनूचा!

तुम्हाला सांगतो, खिडकीचा गज धरला मी. मला वाटलं, म्हणजे मी बावीस नंबरची पोरगी घरी नेत होतो? माझी एकवीस नंबरची कुठेय? दोन वर्षं मी कोणाची वेणी घालतोय? तसाच आत शिरलो. सांगितलं, मी अनुपमाचा आजोबा. सगळा वर्ग चिडीचूप! चाळीस लेकरांचा वर्ग इतका शांत मी कॉलेजातसुद्धा पाहिला नव्हता.

“बरं झालं आलात सर!” मॅडम म्हणाल्या. “मी आल्यापासून या मुलीचं तोंड पाहिलेलं नाही. काळी की गोरी माहीत नाही मला! थांबा, ही अश्विनी तुमच्याच गल्लीतली आहे म्हणे, फार हुशार पोरगी. अश्विनी, उभी राहा बाळा. अनुपमा शाळेत का येत नाही, सांग सरांना.”

आणि माझी नात उभी राहिली. दोन हात मागे बांधून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “मॅडम, तिचे आबा तिले रोज सोडतात. पण थे आतमंदी पोचतच नाई.”

अंगावर काटा आला हो! चारशे बारा पानांत इतकं भयंकर वाक्य मला लिहिता आलं नव्हतं. तोंड उघडलं, पण तिचे डोळे असे काही विनवत होते की तोंडातून निघालं, “बघतो मॅडम. पाठवतो.”

पाच वाजता गेटावर उभा होतो. शेवग्याखाली आलो तशी ती एकदम रडायलाच लागली आणि सगळं बाहेर आलं. अश्विनी म्हणजे तिची शेजारची मैत्रीण. खरी अश्विनी. कापूस फुटल्यापासून आई वेचायला जाते, बाप मळणीयंत्रावर गावोगाव, म्हणून अश्विनी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लहान भाऊ सांभाळत बसते.

“आणि तिच्या बापाले मेसेज गेला ना आबा, का थे येत नाई, त थो म्हणते का नावच काढून टाकतो, जाऊनच नाई राह्यली त नाव कायले पाह्यजे? म्हणून मी तिची हजर म्हणते.”

“अगं, मग दोघींची म्हण! तुझीही म्हण, तिचीही म्हण!”

“म्हटली होती ना पह्यल्या दिवशी! मंग मॅडमनं खिचडीसाठी डोकी मोजली, त हजर जास्त अन् डोकं एक कमी. मॅडम लई चिडल्या. एका डोक्याले एकच हजर भेटते, आबा.”

एका डोक्याला एकच हजर! चाळीस पोरांना हे माहीत होतं, एकाने तोंड उघडलं नव्हतं, आणि तर्कशास्त्राचा प्राध्यापक शेळीचे फोटो बघत बसला होता!

“अगं पण मेसेज माझ्याकडे येणार हे तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं. पण तुमी काई माह्यं नाव थोडंच काढणार होते?” मग नाक पुसून म्हणते, “अन् मले वाटलं, तुमी विसरून जासान.”

आता या वाक्यावर रडू की हसू? म्हणजे पोरीने हिशेब केला तो माझ्या मायेवर आणि माझ्या विस्मरणावर. दोन्हींवर सारखाच विश्वास!

त्याच दिवशी अश्विनीच्या आईकडे गेलो. रुख्मिणीबाई. म्हटलं, धाकट्याला दिवसा माझ्याकडे ठेवा, अश्विनीला उद्यापासून शाळेत पाठवा. बाई कापसाची ओटी सोडता सोडता हसल्याच. “सर, तुमी नात शाळेत सोडली का नाई थे विसरता म्हणतात, अन् लेकरू सांभाळसान?” बघा, गावभर झालं होतं! मी म्हटलं, बाई, रडणारं मूल विसरता येत नाही, ती सोय निसर्गाने ठेवलेली आहे. त्यांनी ओटीतला कापूस ढिगावर ओतला. मग म्हणाल्या, “उद्या एक दिवस पाहू.”

तर दुसऱ्या दिवशी खरी अश्विनी शाळेत गेली. मॅडमनी मान वर केली. “ही नवीन कोण?” आता खरं सांगावं, तर तिची एवढ्या दिवसांची हजेरी जाते, मॅडमनी ती वर कळवून ठेवलेली, त्यांचीही नोकरी अडचणीत. आणि अश्विनी हळूच म्हणाली, “मी अनुपमा, मॅडम.”

मॅडम काय खूश झाल्या! म्हणाल्या, आजोबांनी मनावर घेतलं!

शनिवारी ज्ञानेश्वर आला. हजेरी पाहिली, अनुपमा दोन दिवस हजर. आधीचे दिवस? मी सांगितलं, ती आजारी होती, फोनवर तेच विसरून मी ‘रोज सोडतो’ म्हणालो. म्हणजे ज्या एका आरोपातून मी खरोखर निर्दोष सुटलो होतो, तो स्वतःच्या तोंडाने कबूल केला! त्याने डोक्याला हात लावला, मग पोरगी माझ्या गुडघ्याला चिकटून बसलेली पाहिली, आणि म्हणाला, “ठीक आहे. परीक्षेपर्यंत राहू दे. अभ्यास नीट झाला तर इथेच राहील. अनुपमाचा निकाल बघतो आणि ठरवतो.”

अनुपमाचा निकाल! लक्षात येतंय का तुमच्या? शाळेत अनुपमा म्हणजे कोण? निकालावर नाव अनुपमाचं, मार्क अश्विनीचे! जिने दोन महिन्यांत पुस्तक उघडलेलं नाही! माझी हुशार पोरगी तिकडे अश्विनी म्हणून पहिली येणार, आणि पुण्याला जायचं की राहायचं ते मात्र या दुसऱ्या पोरीच्या पाढ्यांवर ठरणार.

म्हणून आता रोज संध्याकाळी दोघींना समोर बसवतो, धाकटा मांडीवर, तो माझा चष्मा खातो, आणि मी सातचा पाढा घेतो. आणि ही खरी अश्विनी, तुम्हाला सांगतो, हात मागे बांधून, ताठ उभी राहून, मोठ्याने म्हणते, सात आठी चोपन्न! मी म्हणतो, नाही बाळा, छप्पन्न. ती म्हणते, चोपन्न! रोज! इतक्या ठामपणे... इतक्या ठामपणे, की काल रुख्मिणीबाई धाकट्याला न्यायला आल्या, तेव्हा मी अंगणात चिंचोक्यांचे सातासाताचे आठ ढीग मांडून मोजत होतो.

तीनदा मोजले. छप्पन्नच येतात. पण सांगता येत नाही हो.